जतची मुलं कोणत्या रकान्यात?

प्रश्न : मी जत तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. घरी कन्नड बोलणाऱ्या मुलांवर एम.एड.चा प्रबंध करतेय. मार्गदर्शकांनी अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांतल्या, मुलांवरचं संशोधन वाचायला सांगितलं. पण कुठे चिकानो, कुठे हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचे), आता लॅटिनएक्स! माझ्या मुलांचा गट कसा ठरवू?

उत्तर : ताई, नावं बदलत गेली, कारण ती देणारे बदलत गेले. १९३०च्या जनगणनेत अमेरिकन सरकारने ‘मेक्सिकन’ हा वेगळा वंश धरला, पुढच्या जनगणनेत तो काढून टाकला. १९६८ साली पूर्व लॉस एंजेलिसमधली मेक्सिकन वंशाची हायस्कूलची मुलं वाईट शाळांविरुद्ध वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्या चळवळीने ‘चिकानो’ हे नाव अभिमानाने लावलं. लॅटिनएक्स हे ‘लॅटिनो’चं स्त्री-पुरुष भेद न करणारं रूप, अलीकडचं, विद्यापीठांत रुळलेलं. प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या २०२०च्या पाहणीत ते स्वतःसाठी वापरणारे लॅटिनो जेमतेम ३ टक्के निघाले.

पण तुम्ही बघा ती संशोधकांची बदललेली नजर. मूल मागे पडलं की दोष घराचा, असंच वर्षानुवर्षं लिहिलं गेलं. ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये शिक्षण-संशोधक लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांनाच मेक्सिकन कुटुंबांच्या घरी पाठवलं, तेही शिकवायला नव्हे, शिकायला. १९९२च्या त्यांच्या लेखात शेती, बांधकाम, औषधपाणी, व्यापार असं घराघरातलं ज्ञान नोंदलेलं आहे. एक मुलगा मेक्सिकोची मिठाई गल्लीत विकायचा; शिक्षकांनी त्यावरच वर्गातला अभ्यास उभा केला.

आपल्याकडचे प्रबंध मात्र ‘पालक निरक्षर, घरी शैक्षणिक वातावरण नाही’ एवढ्यावर थांबतात. मला याचा मनापासून राग येतो. माडग्याळी मेंढीचे दात बघून वय सांगणारं, बाजारात तिचा भाव कन्नडमध्ये ठरवणारं पोर गणितात ‘अप्रगत’ कसं?

दुसरं, सगळ्यांची एकच मोट बांधू नका. अमेरिकेच्या अखत्यारीतल्या पोर्तो रिको बेटाचं मूल जन्मतः अमेरिकन नागरिक असतं. मेक्सिकोतल्या ओआहाकाहून आलेल्या एखाद्या घरात स्पॅनिशही नाही, मिश्तेक ही तिथली आदिवासी भाषा बोलतात. दोघांची सरासरी काढली की दुसऱ्याची अडचण कागदावरून पुसली जाते. उमदीतल्या दुकानदाराचं मूल आणि ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याचं मूल, दोघंही कन्नडच बोलतात. पण दुसऱ्याची शाळा दिवाळीनंतर मध्येच सुटते.

तेव्हा ‘मातृभाषा’ या एका रकान्यावर भागवू नका. आजीशी कुठली भाषा, मित्रांशी कुठली, हंगामात मूल कुठे असतं, घरचं कुठलं काम त्याला येतं, हे विचारा. स्वतःला काय म्हणवतो, याची जागा कोरी ठेवा आणि मुलालाच भरू द्या. मार्गदर्शकांनी हरकत घेतली तर मोल यांचा लेख पुढे ठेवा. प्रश्नावली छापण्याआधी मासिकाच्या पत्त्यावर पाठवलीत तर मी जरूर वाचेन.