केमो चालू असताना सदाफुलीच्या पानांचा रस द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की आईला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे, आणि गावचे काका सदाफुलीचा रस रोज उपाशीपोटी द्या म्हणतात. द्यावा का आणि किती, हा तुमचा प्रश्न. देऊ नका. चमचाभरही नको.

हेच सगळं मी माझ्या मोठ्या दिरांकडून ऐकलंय. माझी मुलगी लहान असताना तिला ल्युकेमिया झाला, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, त्यातला ए.एल.एल. हा प्रकार. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला शिरेतून व्हिंक्रिस्टिन हे केमोचं औषध. ते सदाफुलीतूनच निघतं, एवढं खरं. भाऊजींनी ते कुठेतरी वाचलं आणि बाटलीभर हिरवा रस घेऊन आले. "तेच औषध आहे, फक्त केमिकल नाही." मी बाटली मोरीत ओतली. त्या वर्षी ते दिवाळीला आले नाहीत, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

कारण ते "तेच औषध" नव्हतंच. टनभर वाळलेल्या पानांतून व्हिंक्रिस्टिन मिळतं जेमतेम काही ग्रॅम, आणि पानात त्याच्यासोबत शंभराहून जास्त इतर अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी झाडातली रसायनं, असतात. मुलीचा डोस उंची-वजनावरून काढायचे, शरीराच्या चौरस मीटरला दीड मिलिग्रॅम. मोठ्या माणसालाही एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस जळतं, चुकून पाठीच्या कण्यातून दिलं गेलं तर जीव जातो. अशा औषधाचं माप वाटीने कोण ठरवणार?

१९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी या पानांवर काम केलं. जमैकात लोक मधुमेहावर त्यांचा काढा घेत, म्हणून तिथून पानं मागवली होती. अर्क तोंडावाटे देऊन उंदरांची साखर काही उतरली नाही. टोचून दिला तेव्हा पांढऱ्या पेशी घटल्या आणि उंदीर जंतुसंसर्गाने मेले. त्यातूनच व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध सापडलं, मग व्हिंक्रिस्टिन, ज्याला अमेरिकेत १९६३ मध्ये मंजुरी मिळाली. केमोमुळे आधीच पांढऱ्या पेशी उतरलेल्या बाईला त्याच पानांचा, कुठल्याही मापाशिवाय काढलेला रस पाजायचा?

काही आठवड्यांनी मुलीचं पाऊल लोंबायला लागलं. जिना चढताना बोटं अडकायची, जबडा दुखायचा म्हणून भाकरी चावता येईना, शौचाला बसली की रडायची. भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "बघ, तुझ्या त्या केमिकलने पोरीचे पाय घेतले." अहो, ते पाय सदाफुलीनेच धरले होते! पेशी दुभंगताना आत जे बारीक धागे तयार होतात ते व्हिंक्रिस्टिन होऊ देत नाही, म्हणून कॅन्सरची पेशी मरते. नसांनाही तसलेच धागे लागतात, म्हणून नसा दुखावतात. झाडाचं आहे म्हणून त्रास होत नाही, हे म्हणणाऱ्याने तिला एकदा जिना चढताना बघायला हवं होतं. फिजिओथेरपीने आणि वेळेने पाय सुधारले. आज ती बॅडमिंटन खेळते, आणि ती जिवंत आहे ती शिरेतल्या औषधांमुळे.

मी डॉक्टर नाही, आणि माझा अनुभव लहान मुलांच्या ल्युकेमियाचा आहे. स्तनाच्या कॅन्सरला औषधं वेगळी असतात, व्हिंक्रिस्टिन त्यात सहसा नसतं. पण पॅक्लिटॅक्सेल बऱ्याच जणींना देतात, आणि ते पहिल्यांदा यू नावाच्या झाडाच्या सालीतून काढलं होतं. आईच्या कागदावर ते नाव असेल तर काकांना दाखवा, झाडपाला आधीच चालू आहे म्हणून.

रस याआधी थोडाफार दिला गेला असेल तर केमोच्या पुढच्या फेरीच्या आधी डॉक्टरांना सरळ सांगा. बुरशीवरची गोळी असो की काढा, काय काय पोटात जातंय हे त्यांना माहीत हवंच. मुलीच्या वेळी तर इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी परस्पर देऊ नका अशी ताकीद होती, कारण त्याने व्हिंक्रिस्टिनचा त्रास वाढतो. डॉक्टर रागावले तर रागावू देत.