माणदेशात मेंढरांचा वाडा घालणार असशील तर

सातारा जिल्ह्यातल्या दहिवडी-म्हसवडच्या माळावर मेंढरं पाळायची, तर आधी वाड्याची जागा बघ, मेंढरं मागनं घे. जागा उतारावर हवी, म्हणजे पावसाचं पाणी थांबत नाही. ओल्यात उभं राहिलं की खुरं सडतात आणि लंगडं मेंढरू चरायचं सोडतं. ओढ्याकाठची सपाट जागा मोहात पाडते, तिथं अजिबात जाऊ नकोस.

मेंढरामागं साधारण 10 चौरस फूट आडोसा आणि त्याच्या दुप्पट मोकळं अंगण धर. गाभण आणि कोकरंवाल्या वेगळ्या कोंड. वाघर, म्हणजे वाड्याभोवतीची जाळी, ताणून बांध, खालची कड जमिनीला घट्ट खुंटव. लांडगा खालनंच शिरतो. कुत्री बाहेरच्या अंगाला निजव.

लसीत कसूर नको. आंत्रविषाराची (आतड्यात विष होऊन मेंढरू दगावतं, त्या रोगाची) लस पावसाळ्याआधी टोचून घे, कारण पहिल्या कोवळ्या गवतावर तुटून पडलेली धट्टीकट्टी मेंढरंच त्यात आधी जातात. पीपीआरची, म्हणजे मेंढ्या-शेळ्यांच्या साथीच्या रोगाची, लसही राहू देऊ नकोस. नर निवडण्याआधी दहिवडीच्या सरकारी मेंढी पैदास केंद्रात एक चक्कर मार. जतकडचं माडग्याळ जातीचं मेंढरू दिसायला देखणं आणि थोराड असतं, पण दर चढा. सुरुवातीला दख्खनी जात बरी.

आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांशी गोडीनं राहा. ज्वारी निघाली की शेतकरी रात्री रानात मेंढरं बसवायला स्वतः बोलावतो, लेंडीखतासाठी. मोबदला पैशात की धान्यात, हे त्याच्याशी आधीच ठरव. उभ्या पिकात मात्र एकही मेंढरू शिरता कामा नये.