अतिरेकी, दहशतवादी आणि लाल शाईतला अर्धा गुण

विचारणाऱ्या ताईंची मुलगी सातवीत आहे. शाळेत तुकाराम ओंबळे यांच्यावर परिच्छेद लिहायचा होता. तिने लिहिले, "२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अतिरेक्यांनी सीएसटी स्थानकात गोळीबार केला." बाईंनी 'अतिरेक्यांनी' हा शब्द लाल शाईने खोडला, वर 'दहशतवादींनी' असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. ताईंचे प्रश्न तीन आहेत. अतिरेकी हा शब्द चुकीचा आहे का? दोन्हींत फरक काय? आणि वाहिन्यांवर सारखे कानावर पडणारे 'आतंकवादी' मराठी म्हणायचे का?

गुणाचे शेवटी बघू, आधी अतिरेकी.

याचा मूळ धातू संस्कृतातला 'रिच्', म्हणजे रिकामे करणे, सोडणे. त्याला 'अति' लागला की काठाबाहेर जाणे, जास्त होऊन उरणे. या घरातली मंडळी आपल्या रोजच्या ओळखीची आहेत: रिक्त, अतिरिक्त, व्यतिरिक्त, उद्रेक आणि वैद्यांच्या कपाटातले रेचक. म्हणजे अतिरेकी, मंत्रालयातले अतिरिक्त सचिव आणि रात्री दुधातून घेतलेले एरंडेल हे एका कुळातले. (सचिवांनी रागावू नये, कुळ निवडता येत नाही.)

'अतिरेक' मराठीत जुनाच. लाडांचा अतिरेक, औषधाचा अतिरेक, सोवळ्याओवळ्याचा अतिरेक. बंदुकीचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. 'अतिरेकी' विशेषण म्हणून आला तरी अजून बिनधोक असतो. अतिरेकी भूमिका, अतिरेकी काटकसर म्हटल्यावर कुणी घाबरत नाही. पण तोच शब्द नाम झाला, "इमारतीत दोन अतिरेकी शिरले" असे कुणी म्हणाले, की त्यांच्या हातात काय आहे ते विचारावे लागत नाही. एकाच शब्दाचे विशेषण मवाळ आणि नाम सशस्त्र, असा प्रकार मराठीत फार नसावा.

हे नाम माझ्या कानावर पहिल्यांदा नीट पडले ते १९८६ साली. १० ऑगस्टला पुण्यात जनरल अरुण वैद्य यांची हत्या झाली. सुवर्णमंदिरातल्या १९८४ च्या कारवाईच्या वेळी ते लष्करप्रमुख होते आणि निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले होते. मोटार चालवत घरी निघाले असताना दुचाकीवरून आलेल्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबच्या बातम्यांतून 'अतिरेकी' घरोघर वाचला जात होताच, त्या दिवशी तो पुण्यात येऊन पोचला. आमच्याकडे पेपर मोठ्याने वाचायची पद्धत होती. मी वाचत होतो आणि आजीने मध्येच विचारले, "अतिरेकी म्हणजे रे? कशाचा अतिरेक केला त्यांनी?"

तेव्हा आम्ही हसलो. आज वाटते, व्याकरणाच्या दृष्टीने तिचा प्रश्न बिनचूक होता. 'अतिरेक' शब्दाला कशाचा तरी अतिरेक लागतो. 'अतिरेकी'ने ती षष्ठी टाकून दिली. तो सरळ इंग्रजी 'एक्स्ट्रिमिस्ट'चा अनुवाद, आणि अनुवादात ते 'कशाचा' कुणाला आठवले नाही.

गंमत म्हणजे मराठीने हाच इंग्रजी शब्द त्याआधीही एकदा भाषांतरित केला होता. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा इंग्रजी पत्रे टिळकांच्या पक्षाला 'एक्स्ट्रिमिस्ट' म्हणत. आपण म्हटले जहाल, आणि समोरच्यांना मवाळ. त्या वेळी कुणी शब्दशः जाऊन 'अतिरेकी पक्ष' करून ठेवला असता, तर आज इतिहासाच्या पुस्तकात लोकमान्य टिळकांच्या नावामागे काय छापून आले असते याची कल्पना करून बघा. टिळकांना स्वतःला या भानगडीची पुरती जाणीव होती. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांच्यावरचे आरोप 'केसरी'तल्या लेखांवरून होते. लेख मराठी आणि न्यायालयापुढे त्यांची इंग्रजी भाषांतरे. आपला बचाव स्वतः करताना त्यांनी भाषांतरातल्या शब्दांवर हरकती घेतल्या. शिक्षा सहा वर्षांचीच झाली, पण कुठल्या शब्दाला कुठला प्रतिशब्द बसवला यावर माणूस मंडालेला जाऊ शकतो, एवढे त्यातून दिसले.

आता दहशत. हा शब्द अरबीतला, फारसीच्या वाटेने आलेला. अरबीत त्याचा अर्थ थक्क होणे, भांबावणे. इकडे पोचेपर्यंत त्यात भीती भरली. मराठीत तो अगदी घरगुती झाला आहे. गणिताच्या मास्तरांची दहशत, थोरल्या जाऊबाईंची दहशत. जुन्नरकडे उसाच्या फडात बिबट्या दिसला की दुसऱ्या दिवशी 'बिबट्याची दहशत' छापून येतेच. पण बिबट्याला कुणी दहशतवादी म्हणत नाही, गल्लीत तलवार नाचवणाऱ्या गुंडालाही नाही. तोही 'दहशत माजवतो', इतकेच. कारण शेपटाला लागलेला 'वाद'. भीती घालणे हा ज्याच्या वागण्याचा परिणाम तो गुंड. भीती हेच ज्याचे साधन, आणि जे मारले जातात त्यांच्यापेक्षा जे जिवंत राहून बघतात त्यांच्यासाठी जो मारतो, तो दहशतवादी.

कायदाही साधारण याच ठिकाणी बोट ठेवतो. १९८५ साली टाडा, म्हणजे दहशतवादी व विघातक कारवाया प्रतिबंधक कायदा आला, त्याच्या नावातच दहशतवाद होता. सध्याच्या यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, कलम १५ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या आहे. तीत बॉम्ब, स्फोटके, विषारी वायू अशी साधनांची लांबलचक यादी असली तरी मुद्दा हेतूचा आहे: देशाची एकात्मता, सुरक्षा, सार्वभौमत्व धोक्यात आणण्याचा किंवा लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू. महाराष्ट्र पोलिसांचे पथकही 'दहशतवाद विरोधी'. 'अतिरेकी विरोधी पथक' असे काही ऐकल्याचे आठवत नाही. माझ्या मते फरक असा: अतिरेकी हा शब्द माणूस किती टोकाला गेला ते सांगतो, दहशतवादी हा शब्द त्याने काय केले ते सांगतो. पहिला अंतर मोजतो, दुसरा कृत्य सांगतो.

मग बाईंचे बरोबर? थांबा. बोलीकडे बघा.

२६ नोव्हेंबरच्या त्या रात्री साडेदहाच्या सुमारास मला पहिला फोन आला तो असा: "कुलाब्यात गँगवॉर चाललंय म्हणे, बाहेर पडू नकोस." पहिल्या तासाभरात बऱ्याच जणांचा तोच समज होता. गोळीबार म्हणजे टोळीयुद्ध ही मुंबईची नव्वदच्या दशकातली सवय. दुसरा फोन आला तेव्हा शब्द बदलला होता: "अतिरेकी घुसलेत." त्या रात्रीपासून आजपर्यंत कुणाच्या तोंडून सहज, घाईत, भीतीने "दहशतवादी घुसलेत" असे मी ऐकलेले नाही. सहा अक्षरांचा जोडून बनवलेला शब्द धापा टाकत बोलता येत नाही. दहशतवादी छापला जातो, भाषणात येतो, आरोपपत्रात येतो. जिन्यात उभे राहून बोलताना अतिरेकीच. चाळीस वर्षांच्या वापराने रुळलेल्या शब्दाला केवळ व्युत्पत्ती सैल आहे म्हणून चूक ठरवता येत नाही.

आणि हे दोन शब्द सगळीकडे एकमेकांच्या जागी बसतात असेही नाही. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटांत २५७ माणसे गेली. खटला टाडाखाली चालला, म्हणजे कायद्याच्या लेखी कृत्य दहशतवादीच. पण करणारे तस्करांच्या टोळ्यांतले, इथलेच, नावानिशी माहीत असलेले. त्यांना अतिरेकी म्हणताना मराठी माणसाची जीभ अडखळते. तो 'बॉम्बस्फोटातले आरोपी' म्हणतो. गडचिरोलीत आणखी निराळे. तिथे नक्षलवादी, आणि वैदर्भी पत्रांच्या मथळ्यांत आणखी आखूड, 'नक्षली'. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने पोलिसांची गाडी उडवली, पंधरा जवान आणि चालक गेले. त्याही बातम्यांत शब्द नक्षलवादीच. दार्जिलिंग जिल्ह्यातल्या नक्षलबारी या गावाच्या नावाला 'वाद' लागून झालेला हा शब्द इतका पक्का आहे की दुसऱ्याला जागाच नाही. सरकारी कागदांत त्या भागाला 'नक्षलग्रस्त' म्हणतात, पूरग्रस्त आणि दुष्काळग्रस्त यांच्या पंगतीत बसवून. जणू दर पावसाळ्यात यायचेच.

एक जोडशब्द मात्र मला खरोखर खटकतो: 'संशयित अतिरेकी'. पकडलेल्या माणसाचा फोटो छापायचा, मथळ्यात अतिरेकी म्हणायचे आणि बारीक अक्षरात आधी 'संशयित' लावून मोकळे व्हायचे. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी धरले, त्यांतल्या पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले आहे. पण शब्दापुरते बघायचे तर, स्फोट दहशतवादी कृत्य होते यात २००६ साली शंका नव्हती आणि आजही नाही. शंका 'कुणी' यात होती. तेव्हा विशेषण कृत्याला लावावे, 'दहशतवादी हल्ला' म्हणावे, आणि पकडलेल्याला निकाल लागेपर्यंत आरोपी म्हणावे. आरोपी हा चांगला, स्वच्छ शब्द आपल्याकडे आहे.

'आतंकवादी'बद्दल थोडक्यात. आतंक संस्कृतच, पण अमरकोश त्याचे अर्थ देतो रोग, ताप आणि शंका. आयुर्वेदात तो व्याधीचा पर्यायशब्द आहे. 'आतंकवाद' ही घडण हिंदीने केली, हिंदीला ती शोभते. मराठीत नेमका शब्द नसता तर मीही घेतला असता. आहे, म्हणून नको. एका वाचकांनी मागे 'आततायी' सुचवला होता. ताणलेले धनुष्य घेऊन चालून येणारा, असा त्याचा मूळ अर्थ, आणि आग लावणारे, विष घालणारे हे धर्मशास्त्रातले आततायी. अर्थ चोख बसतो. पण आज आई मुलाला "आततायीपणा करू नकोस, दूध गरम आहे" म्हणते. शब्द उतरून स्वयंपाकघरात आला की त्याला परत रणांगणावर पाठवता येत नाही.

तर ताई, मुलीचे वाक्य जसेच्या तसे ठेवा. 'दहशतवाद्यांनी' लिहिले असते तर अधिक नेमके झाले असते, पण 'अतिरेक्यांनी' चूक नाही. शिवाय तिने सामान्यरूप बरोबर केले आहे. विद्यार्थी, विद्यार्थ्यांनी, माळी, माळ्यांनी, अतिरेकी, अतिरेक्यांनी. बाईंनी वर लिहिलेले 'दहशतवादींनी' मात्र मराठीत होत नाही, ते 'दहशतवाद्यांनी' हवे. अर्धा गुण कापायचाच असेल तर तो कुणाचा, हे पालकसभेत बेताने विचारा. मुलगी अजून त्याच वर्गात आहे.