जर्सी कुणाच्या नावाची घेऊ? शिकागो व्हाइट सॉक्स बेसबॉल टीमबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: मुलगा सहावीत आहे, आजूबाजूला सगळे शिकागोच्या दुसऱ्या टीमचे, कब्जवाले, पण ह्याला व्हाइट सॉक्सच हवी. मागच्या वाढदिवसाला लुईस रॉबर्टच्या नावाची जर्सी घेतली, आणि ह्या जानेवारीत टीमनं रॉबर्टलाच न्यूयॉर्क मेट्सला देऊन टाकलं. पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही हो. आता कुणाचं नाव घालू, जो चारपाच वर्षं तरी राहील? (एक आई, नेपरव्हिल)

उत्तर: ताई, कोल्सन मॉन्टगोमेरीचं घाला. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर), डावखुरा बॅटर, आणि नवीन खेळाडूवर टीमचा साधारण सहा वर्षं हक्क असतो, त्यातलं ह्याचं आत्ता कुठे सुरू झालंय. ट्रेड, म्हणजे दुसऱ्या टीमशी खेळाडूंची अदलाबदल, कधीही होऊ शकतो, त्याची गॅरंटी कोणीच देणार नाही, पण ह्याला विकायचं काही कारण मला दिसत नाही.

आणि मुलाला त्याची गोष्ट जरूर सांगा. २०२१ मध्ये इंडियानातल्या एका हायस्कूलमधून ड्राफ्टमध्ये (सगळ्या टीम आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्याच राउंडमध्ये २२व्या नंबरला घेतलेला हा मुलगा, सगळे म्हणत होते हाच उद्याचा स्टार, आणि गेल्या वर्षी एप्रिलमध्ये शार्लटला, म्हणजे मेन टीमच्या एक पायरी खाली, त्याचं ॲव्हरेज किती होतं तर .१४९. शंभरदा बॅटिंगला येऊन पंधरासुद्धा हिट (चेंडू मारून बेस गाठणं) नाहीत, वर स्ट्राइकआउटवर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट). तेव्हा टीमनं त्याला खेळायचंच थांबवलं आणि ॲरिझोनाला कॅम्पमध्ये नेऊन बसवलं, मॅच नाही, स्कोअर नाही, फक्त स्विंगवर काम. तिथून परत आला, ४ जुलैला डेन्व्हरमध्ये मेन टीमकडून पहिली मॅच खेळला आणि सीझन संपेपर्यंत ७१ मॅचमध्ये २१ होमरन, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार! तोच मुलगा, तीच बॅट. मला विचाराल तर गेल्या वर्षातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, कारण कित्येक वर्षं आपल्याकडे गुणी पोरं यायची आणि बिघडायची, इथे बिघडलेला दुरुस्त होऊन आला.

प्रश्न: मी क्रिकेटवाला माणूस, बेसबॉल आत्ता आत्ता बघायला लागलो. एका सीझनमध्ये १२१ मॅच हरणं हे शक्य कसं आहे? अशी टीम लीगमधून काढत नाहीत का? (पुणे)

उत्तर: नाही काढत, फुटबॉलसारखं खालच्या डिव्हिजनला पाठवणं वगैरे इथे नाहीच. सीझनला १६२ मॅच असतात, जवळजवळ रोज एक, त्यातल्या २०२४ मध्ये आपण ४१ जिंकलो आणि १२१ हरलो. १९०० नंतर एका सीझनमध्ये एवढ्या मॅच कोणीच हरलेलं नाही, आधीचा आकडा १९६२ च्या मेट्सचा होता, १२०. पहिल्या २५ मॅचमध्ये फक्त ३ जिंकलो होतो, नंतर जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ हरलो, मग मॅनेजर पेद्रो ग्रिफोल यांना काढलं.

पण हे एका वर्षात झालेलं नाही. २०१६-१७ मध्ये क्रिस सेलसारखे मोठे खेळाडू विकून तरुण पोरं जमवली होती, त्या पोरांनी २०२१ ला ९३ मॅच जिंकून डिव्हिजनही घेतली, म्हणजे आपल्या गटात पहिला नंबर, आणि तेव्हा सगळ्यांनाच वाटलं की आता पुढची पाच वर्षं आपलीच. मग दुखापती सुरू झाल्या, एक बरा झाला की दुसरा, आणि मागे मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या तयारीच्या टीममध्ये, बघावं तर कोठार रिकामं. वरची फळी पडली आणि खाली आधारालाच कोणी नव्हतं. २०२२ ला बरोबर ८१-८१, २०२३ ला १०१ हार, मग ते १२१.

त्या वर्षातली एक संध्याकाळ मात्र तुम्हाला सांगतोच. सप्टेंबरचा शेवट, १२० हार झालेल्या, म्हणजे रेकॉर्डची बरोबरी, आणि टीम एंजल्स ह्या टीमशी तीन मॅच खेळायला घरी आली. मी पहिल्या मॅचला गेलो होतो. रेड लाइन ट्रेनने ३५व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलो की आत शिरायच्या आधीच परतलेल्या कांद्याचा वास येतो, तो तसाच येत होता. नवातल्या आठव्या इनिंगपर्यंत मागे होतो आणि लोक ओरडत होते, "टीम विका, टीम विका". काही जण तर रेकॉर्ड मोडलेला बघायलाच आले होते. आणि आठव्यात तीन रन आल्या, ३-२ जिंकलो! माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ जुनी विटलेली टोपी घालून बसले होते, आख्खी मॅच एक शब्द बोलले नव्हते, ते उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, बराच वेळ वाजवत होते. त्या तिन्ही मॅच आपण जिंकलो, १२१ वी हार मग डेट्रॉइटला झाली. घरच्या मैदानावर नाही झाली ह्याचं मला आजही बरं वाटतं.

प्रश्न: क्रोशेला विकलं, आता रॉबर्टला. मालकाला नुसते पैसे वाचवायचेत, आणि तुम्ही लोक त्याला 'रीबिल्ड', म्हणजे नव्यानं टीम बांधणं, म्हणता! (शॉमबर्ग)

उत्तर: दादा, मालकावरचा तुमचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे १९८१ पासून टीम आहे, शिकागोसारखं शहर हाताशी आहे, आणि क्लबनं आजवर दिलेला सगळ्यात मोठा करार कुठला तर बेनिनटेंडीचा, ५ वर्षांचे साडेसात कोटी डॉलर. इतर टीम एकेका खेळाडूला ह्याच्या कितीतरी पट देतात. टीममधले भागीदार जस्टिन इशबिया यांच्याकडे कंट्रोल जायचा रस्ता ठरलाय, पण तोही २०२९ च्या आधी नाही.

पण क्रोशेचा ट्रेड वेगळा काढा. पिचर (चेंडू टाकणारा) गॅरेट क्रोशे बॉस्टनला गेला आणि गेल्या वर्षी त्याच्या नावावर १८ विजय, ५ हार, २५५ स्ट्राइकआउट, बघताना पोटात कालवाकालव व्हायची हे खरंय. त्याच्या बदल्यात चार जण आले. कॅचर काइल टील, ज्यानं पहिल्याच वर्षी .२७३ ॲव्हरेजनं बॅटिंग केली आणि चेंडू असा शांतपणे पकडतो की पिचरच्या खांद्यावरचा ताण उतरलेला टीव्हीवरसुद्धा दिसतो. चेस माइड्रॉथ, जो लगेच इनफिल्डमध्ये उभा राहिला. पिचर विकेलमन गोन्झालेझ. आणि ब्रेडन मॉन्टगोमेरी, आउटफिल्डर, अजून खाली तयार होतोय (कोल्सनचं आणि ह्याचं काही नातं नाही, दर महिन्याला कोणीतरी विचारतंच). एका पिचरच्या बदल्यात एवढं मिळालं तर मी तो सौदा पुन्हा करीन.

रॉबर्टचं दुःख वेगळं. २०२३ ला ३८ होमरन मारलेला माणूस, पण अंग साथच देईना. त्याच्या बदल्यात लुईसअँजेल अकुन्या आलाय, अटलांटाचा स्टार रोनाल्ड अकुन्या, त्याचा धाकटा भाऊ. पळतो जबरदस्त, बॅटचं बघू. इथे मी तुमच्याशी भांडणार नाही, हा सौदा मलाही पटलेला नाही.

प्रश्न: सगळ्यात जास्त हरूनसुद्धा २०२५ च्या ड्राफ्टमध्ये आपल्याला दहावा नंबर का? अन्यायच ना हा? (ऑरोरा)

उत्तर: नियम असा आहे की मोठ्या शहराच्या, म्हणजे इतरांना पैसे वाटणाऱ्या टीमला लॉटरीतला, म्हणजे चिठ्ठ्या काढून ठरवलेला वरचा नंबर लागोपाठ दोन वर्षं मिळत नाही, आणि २०२४ ला आपल्याला पाचवा मिळाला होता. मुद्दाम हरून कोणी फायदा घेऊ नये म्हणून केलेला नियम, आणि तो बरोबरच आहे असं मला वाटतं, आपल्याला लागला तरी. दहाव्यावर बिली कार्लसन मिळाला, तोही शॉर्टस्टॉप. आणि डिसेंबरमध्ये लॉटरी आपल्याच नावावर निघाली, ह्या वर्षी पहिला नंबर आपला!

प्रश्न: पिचिंगचं काय? आणि जपानहून आणलेला मुराकामी चालेल का? (मिलवॉकी)

उत्तर: पिचरबद्दल मी छातीठोक कधीच बोलत नाही, कोपर आणि खांदा कोणाला विचारून दुखत नाहीत. नोआ शुल्ट्झ आपल्याच भागातला, ऑस्वेगो ईस्ट हायस्कूलचा, सहा फुटाच्या वर आणखी नऊ इंच, डावखुरा, पण गेल्या वर्षी गुडघ्यानं छळलं. २०२४ चा तो पाचवा नंबर म्हणजे हेगन स्मिथ, त्याची लाइन-लेंग्थ अजून बसायचीये. घाई नको ह्या दोघांची.

माझा लाडका शेन स्मिथ. कॉलेज झाल्यावर ड्राफ्टमध्ये कोणीच घेतला नाही, मिलवॉकीनं फुकटात उचलला, मग रूल फाइव्हमध्ये (दुसऱ्या टीमच्या मायनर लीगमधला खेळाडू उचलता येतो तो ड्राफ्ट) आपण काढून आणला, त्या नियमात वर्षभर मेन टीममध्ये ठेवावंच लागतं नाहीतर परत द्यावा लागतो. तो त्याच वर्षी ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मॅचसाठी निवडला गेला!

मुनेताका मुराकामीनं जपानमध्ये २०२२ ला ५६ होमरन मारले होते, वय २२. आपण दोन वर्षांचे ३ कोटी ४० लाख डॉलर दिलेत. स्ट्राइकआउट भरपूर होणार, तयारी ठेवा. पण कोल्सनच्या मागे-पुढे आणखी एक डावखुरा दणकेबाज हवाच होता. एकूण गेल्या वर्षीच्या ६० विजयांवरून ह्या वर्षी ७० च्या पुढे गेलो तरी मी खूश. एका रननं गेलेल्या मॅच आठवा, किती तरी होत्या.

प्रश्न: नातू शिकागोला असतो, फोनवर सारखं सॉक्स सॉक्स करतो. त्याच्याबरोबर मॅच बघायची तर इथे किती वाजता लागते? आणि ही टीम कधी जिंकलीये का? (एक आजी, नाशिक)

उत्तर: जिंकलीये आजी. २००५ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची फायनल, ह्यूस्टनला ४-० हरवून, त्याच्या आधी १९१७ ला, म्हणजे ८८ वर्षांनी. त्या सिरीजच्या पहिल्या मॅचला स्टेडियममध्ये बसलेला एक माणूस आता पोप आहे, लिओ चौदावे, ते आपल्याच टीमचे. नातवाला हे सांगा, नाचेल.

वेळेचं म्हणाल तर इथल्या संध्याकाळच्या बऱ्याच मॅच ६:४० ला सुरू होतात, तेव्हा तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:१० झालेले असतात. तुम्ही उठून चहाचं आधण ठेवाल तेवढ्यात पहिली इनिंग. दुपारची मॅच असेल तर तुमचे रात्रीचे पावणेबारा होतात, ती सोडा, झोपा. नातवाला व्हिडिओ कॉल लावायला सांगा आणि डावखुरा कोल्सन बॅटिंगला आला की फोन जवळ घ्या, चेंडू कुंपणापार गेला की स्कोअरबोर्डवरच्या मोठ्या भिंगऱ्या फिरतात आणि फटाके उडतात, ते तुम्हाला दिसायलाच हवेत.