डिसेंबरात पानं गळालेल्या शिंदळ माकुडीबद्दल

ऑगस्टमध्ये नर्सरीतून आणलेल्या शिंदळ माकुडीची सगळी पानं डिसेंबरात गळाली, कुंडीत नुसत्या कांड्या उरल्या. झाड गेलं का, पाणी वाढवू का, असं तुम्ही विचारलंय. झाड गेलेलं नाही. पाणी वाढवलंत तर मात्र नक्की जाईल. पहिल्या वर्षी मीही असाच घाबरून एक दिवसाआड पाणी घालत बसलो होतो. जानेवारीत कांडी धरली तर बुडाशी पिकल्या केळ्यासारखी पिचकली.

आधी कांडी दोन बोटांत दाबून बघा. टणक लागली आणि हिरवट-राखाडी सालीवर फिकट डागांची नक्षी दिसली, तर काळजी नको. थोड्या सुरकुत्या पडल्या तरी चालतात. बुडाशी काळी, मऊ झाली असेल तर वरचा चांगला भाग कापा, आठवडाभर सावलीत सुकू द्या आणि कोरड्या वाळूत नुसता टेकवून ठेवा. उन्हाळ्याच्या तोंडाशी मुळं धरतो.

आता पानगळीचं. हिचं शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका (नव्या वर्गीकरणात हिला सेरोपेजियात, म्हणजे कंदीलपुष्पांच्या प्रजातीत घातलंय, पण नर्सरीवाले आणि आपण जुनंच नाव वापरतो). कूळ रुईचं. नात्यातली माकडशिंगी आठवा: चौकोनी खोड, पानं असून नसल्यासारखी. हिला मात्र पावसाळ्यात बोटाएवढी लांब, चांगली मांसल पानं येतात. खोड पाणी साठवणारं, मग पानांचा एवढा थाट कशाला?

1977 साली लांगे आणि झुबर या संशोधकांनी दाखवलं की हिची पानं आणि खोड वेगवेगळ्या पद्धतीनं अन्न तयार करतात. पानांचं काम साध्या झाडासारखं, दिवसा रंध्रं (हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं) उघडून. त्याला सी-थ्री पद्धत म्हणतात. खोड निवडुंगासारखं कॅम पद्धतीनं चालतं: रात्री गारव्यात रंध्रं उघडायची, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून त्यातून अन्न करायचं. पावसाळ्यात पाण्याची ददात नसते, तेव्हा पानांच्या जोरावर भराभर वाढून घ्यायचं. पाऊस संपला की पाणी उडवणारी पानं टाकायची आणि खोडावर निभवायचं. तुमच्या कुंडीत आत्ता हेच चाललंय.

ही ज्या जागी वाढते ती पाहिली की हे लगेच पटतं. जगात फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या कड्यांवर ती सापडते: शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड. कातळाच्या भेगेत मूठभर माती, चार महिने धो धो पाऊस आणि उरलेले आठ महिने तापलेला दगड. वनस्पतिशास्त्रज्ञ डालझेलनं एकोणिसाव्या शतकात हिचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव हिला दिलं. आपल्या लोकांनी दिलेलं नाव जास्त रंगेल आहे. घरी मोठ्यांसमोर घेताना मी अजून अडखळतो.

फूल बघितलंत का? नसेल तर पुढच्या पावसाळ्यात चुकवू नका. साधारण दोन सेंटिमीटरची पाच टोकांची चांदणी, गडद तांबडी, त्यावर पिवळी नक्षी आणि कडेला बारीक केसांची झालर. नाक जवळ नेलंत तर पस्तावाल. तो वास माश्यांसाठी असतो. परागकण सुटे नसतात, त्यांच्या जोड-पिशव्या असतात आणि मधोमध चिमट्यासारखा भाग. माशी फुलावर वळवळली की तो चिमटा तिला अडकतो आणि परागांचं गाठोडं घेऊनच ती उडते. मी बाल्कनीत भिंग घेऊन हे बघत बसलो होतो, चहा गार झाला.

हौशी मंडळी थोराच्या पावसाळी पानं फुटलेल्या रोपालाही कधीकधी हेच समजतात. थोराला काटे असतात आणि तोडल्यावर पांढरा चीक येतो. हिला काटे नाहीत आणि रस पाण्यासारखा.

तुमची नर्सरीतली आहे हे बरं. कड्यावरून उपटून आणलेली विकायला कुणी पुढे केली तर घेऊ नका. कांडीपासून सहज होणारं झाड आहे, कड्याला हात लावायची गरजच पडत नाही. माझ्याकडे कांड्या आहेत, जूनमध्ये मागा.

कुंडीत निम्मी जाड वाळू, उरलेल्यात मुरूम आणि विटेचे तुकडे घाला, माती अगदी थोडी. आता महिन्यातून एकदा घोटभर पाणी, तेही कांड्या फारच सुकल्या तर. मे-जूनमध्ये टोकाला हिरवे कोंब दिसले की नेहमीसारखं पाणी सुरू करा.