काटा हलत नाही म्हणून डाएट सोडायचं का?

"एवढं मन मारून खातेय, तरी वजन तसूभरही उतरत नाही. मग उपयोग काय?" हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो. डाएट सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो हमखास येतो, आणि उत्तराची वाट न बघता डाएट सोडून मोकळे झालेलेही बरेच असतात. अशाच एका बाईंबद्दल आज लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय चाळिशीच्या आसपास, काम हिशेब तपासण्याचं. रक्तातली साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि आहारतज्ज्ञांनी रोजचं खाणं ठरवून दिलं होतं. माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, मात्र त्या वजनासाठी आल्याच नव्हत्या. चिडचिड होते, मुलांवर आवाज चढतो, झोप लागत नाही, ही तक्रार होती. बोलता बोलता वजनाचा विषय निघाला आणि त्यांनी पर्समधून एक छोटी वही काढली.

वहीत रोजचे तीन आकडे होते: सकाळचा, ऑफिसातून आल्यावरचा आणि झोपतानाचा. वाढलेल्या प्रत्येक आकड्याखाली लाल पेनाची रेघ. पहिल्या पानावर ८१.४ आणि तीन आठवड्यांनंतर, त्या दिवशी सकाळी, ८१.६.

"गोड बंद केलं, रोज पाऊण तास चालते, आणि वर दोनशे ग्रॅम वाढ! माझ्यात चिकाटीच नाही, हेच खरं."

मी विचारलं, "वजन दोनशे ग्रॅम वाढलं यावरून तुमच्यात चिकाटी नाही, हे कसं काढलंत?" त्या गप्प झाल्या. तीन आठवडे रोज चालणारी बाई स्वतःला चिकाटी नसलेली म्हणत होती, आणि पुरावा काय, तर काट्यावरचा आकडा. माझ्या मते या सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. काटा शरीराचं वजन सांगतो, आपण मात्र त्याच्याकडून आपल्या वागणुकीचा दाखला मागतो.

वजनाच्या काट्याला चरबी, पाणी आणि पोटातलं अन्न यांतला फरक कळत नाही. दिवसभरात किलो-दोन किलोचा चढउतार अगदी निरोगी माणसातही होतो. आदल्या दिवशी खारट जास्त खाल्लं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, की शरीर पाणी धरून ठेवतं किंवा आतला भार तसाच राहतो आणि आकडा वर जातो. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायूंना सूक्ष्म इजा होते आणि ती भरून येईपर्यंत तिथे पाणी साठतं. या बाईंचं चालणं नवीन होतं आणि पाळी चार दिवसांवर आलेली. आता चरबीचं बघा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या तर आठवड्याला कागदावर साडेचारशे ग्रॅम उतरतात, प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमीच. म्हणजे आठवडाभराच्या मेहनतीचं फळ एका दिवसाच्या पाण्याखाली सहज झाकलं जातं.

"पण माझ्या मैत्रिणीचे पहिल्याच आठवड्यात तीन किलो गेले!" हे त्यांनी जवळजवळ रागाने सांगितलं. गेले असतील, पण ती सगळी चरबी नव्हती. यकृतात आणि स्नायूंत मिळून साखरेचा सुमारे अर्धा किलो साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याचा प्रत्येक ग्रॅम अंदाजे तीन ग्रॅम पाणी सोबत बाळगतो. पिष्टमय पदार्थ एकदम तोडले की हा साठा रिकामा होतो आणि ते पाणीही जातं. नेहमीसारखं जेवायला लागलं की दोन्ही परत येतात. मैत्रिणीचं पाणी उतरलं होतं, यांचं धरलं गेलं होतं, आणि त्यावरून एक हुशार ठरली, दुसरी नालायक.

हे ऐकून त्यांना थोडं हायसं वाटलं, पण नुसत्या माहितीने माणूस शांत होत असता तर आमची गरजच उरली नसती. म्हणून मी एक काम दिलं. वजन केल्यावर मनात काय आलं आणि त्या दिवशी पुढे काय खाल्लं, एवढंच त्या आकड्याशेजारी लिहायचं.

पुढच्या भेटीत वही उघडली तेव्हा मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. आकडा वाढलेला दिसला, की त्या सकाळचं खाणं टाळायच्या आणि दुपारी अर्धंच जेवायच्या. त्या दिवसांच्या पुढे रात्री अकरानंतरच्या नोंदी होत्या, अक्षर बारीक केलेलं, "उभ्या उभ्या खाल्लं", "डबा संपवला". आणि आकडा उतरलेला दिसला, तर? त्या रात्री "आज चालेल" म्हणून गोड. म्हणजे काटा वर जावो की खाली, रात्र बिघडायचीच. ज्या तीन दिवशी गडबडीत वजन करायचं राहून गेलं, ते तिन्ही दिवस ठरल्याप्रमाणे पार पडले होते. त्यांनी स्वतःच त्या तीन तारखांभोवती गोल केले होते.

वजन हलत नाही म्हणून खाणं आणखी तोडायचं, हा सगळ्यांना सुचणारा उपाय आहे आणि मला त्याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला. ही माणसं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली, चिडकी आणि उदास झाली. निवडून घेतलेल्या धडधाकट तरुणांची ही गत. मग दिवसभर उपाशी राहिलेली बाई रात्री स्वयंपाकघरात उभी राहिली, तर त्यात इच्छाशक्तीचा दोष कसला? मुलांवर चढणारा आवाजही बऱ्याच अंशी या भुकेचाच होता.

मग आम्ही मिळून काही गोष्टी बदलल्या. वजन दिवसातून एकदाच, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. रोजच्या आकड्यावर काहीच ठरवायचं नाही, आठवड्याची सरासरी काढायची. हे त्यांना लगेच पटलं. एका दिवसाच्या शिल्लकीवरून कंपनीचा नफा-तोटा ठरवत नाहीत, हे त्यांना मी काय सांगणार! दर दोन आठवड्यांनी टेपने कंबर मोजायची, कारण वजन थांबलेलं असतानाही घेर कमी होताना दिसू शकतो. आणि काहीही झालं तरी पुढचं जेवण ठरल्या वेळी, ठरल्याएवढं. रात्री जास्त खाल्लं तरी सकाळी उपास नाही. हे शेवटचं त्यांना सर्वांत जड गेलं. शिक्षा न करता पुढे जायचं म्हणजे स्वतःचे लाड करणं, असं त्यांना वाटायचं.

ज्यांना रोजचा एक आकडाही सहन होत नाही, त्यांनी काटा महिनाभर कपाटात ठेवला तरी चालेल. नियम माणसासाठी आहेत.

धीर धरा म्हणजे डोळे मिटून बसा, असं मात्र मी कोणालाही सांगत नाही. आपण किती खातो याचा आपला अंदाज फार चुकतो. काही केल्या वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांवरचा एक अभ्यास १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. त्यांच्या शरीराचा ऊर्जेचा खर्च अपेक्षेप्रमाणेच निघाला, पण खाल्लेलं त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं. ती माणसं खोटारडी नव्हती. चव बघताना गेलेला घास, मुलांच्या ताटातलं उरलेलं, हाताने अंदाजे ओतलेलं तेल, हे लक्षातच राहत नाही. म्हणून आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने या बाईंनी काही दिवस तेल आणि साखर चमच्याने मोजून वापरली. तेल त्यांच्या समजुतीच्या जवळजवळ दुप्पट निघालं. महिन्यापूर्वी हे कळलं असतं तर त्यांनी स्वतःला फाडून खाल्लं असतं. आता चमचा बदलला आणि विषय संपला.

घरच्यांचंही एक ओझं होतं. डाएट सुरू करताना त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळे "किती उतरलं?" हा प्रश्न रोज जेवताना यायचा. मी सुचवलं, घरच्यांना स्पष्ट सांगा की आकडा विचारू नका, त्यापेक्षा माझ्यासोबत चालायला या. नवरा येऊ लागला. एरवी सवड न मिळणाऱ्या गप्पा त्या चालण्यात होऊ लागल्या, हा वेगळाच फायदा.

पाळी होऊन गेल्यावरच्या आठवड्याची सरासरी ८०.५ आली. नंतर मध्ये दोन आठवडे काटा पुन्हा जागचा हलला नाही, पण त्या काळात कंबर दोन सेंटिमीटरने कमी झाली आणि यावेळी जेवण तुटलं नाही. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्या ७७ च्या आसपास होत्या. मुळच्या वजनाच्या पाच टक्क्यांएवढी ही घट. एवढ्यानेही रक्तातली साखर आणि रक्तदाब सुधारायला मदत होते, म्हणून डॉक्टर समाधानी होते. झोपही सुधारली.

तुम्ही आत्ता तिसऱ्या आठवड्यात असाल, तर किमान सहा ते आठ आठवड्यांच्या सरासऱ्या हातात आल्याशिवाय निकाल लावू नका. तेवढ्या काळात नोंदी प्रामाणिक असूनही सरासरी आणि कंबर दोन्ही जागच्या जागी असतील, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. थायरॉइडचं काम मंदावलेलं असू शकतं, पीसीओएस, म्हणजे बायकांमधला हार्मोन्स आणि बीजकोशांचा बिघाड, असू शकतो. स्टेरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधं यांनीही वजन वाढतं, पण ती आपल्या मनाने बंद करू नका. पायांवर सूज, धाप आणि भराभर वाढणारं वजन असेल, तर आठवडे मोजत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आणि खाल्लेलं मुद्दाम उलटून टाकावंसं वाटत असेल, जुलाबाची औषधं घेतली जात असतील किंवा पाळी बंद झाली असेल, तर वजन उतरवण्याचा बेत तिथेच थांबवून आधी डॉक्टरांशी आणि समुपदेशकाशी बोला.