एकदम सगळं धरू नकोस

अगं, भाकरी बंद, गोड बंद आणि पहाटे दीड तास चालणं, हे सगळं तू एकाच आठवड्यात धरलंस, त्याची मला काळजी वाटते. पहिल्या वर्षी मीही हेच केलं. वजन उतरलं, पण चिडचिड वाढली आणि घरच्यांच्या पंगतीला बसणंच सुटलं. ते मला आजही लागतं.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आपल्या सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाकाठी भरभर चाल. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतका वेग पुरे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा ऊन चढायच्या आत घरी ये. मात्र झोप मोडून येऊ नकोस. रात्री जागरण झालं तर संध्याकाळी चाल.

ज्वारीची भाकरी अजिबात सोडू नकोस, तिनं पोट बराच वेळ भरलेलं राहतं. शेंगाचटणीत प्रथिनं आहेत तसं तेलही आहे, म्हणून चमचाभर घे. सोबत वरण, पालेभाजी.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मुलं भज्यांसाठी हट्ट करतील, तेव्हा त्यांच्याबरोबर खा. दुसऱ्या दिवशी उपास करून ते फेडायला जाऊ नकोस.

वजन आठवड्यातून एकदाच बघ. पाण्या-मिठानंही काटा रोज हलतो. चक्कर आली किंवा पाळी चुकली तर डॉक्टरांना दाखव.

सोमवारी साडेपाचला तलावावर ये, मी थांबते.